कबरेतील खडीसाखर

"गाठी घालते हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मार्थाबाईंनी विचारले आणि समोरच्या पिठाच्या गोळ्यावर अशी थाप मारली की त्या गोळ्याच्या जागी मी असतो तर ताबडतोब नाव सांगून मोकळा झालो असतो.

"कुणी सांगितले हा प्रश्न नाही, बाई. घालता की नाही, हा प्रश्न आहे."

"घालते. बावीस वर्षं घालते."

"प्रभू येशू ख्रिस्ताच्या जागी?"

"मग काय तुमच्या जागी घालू?"

या संभाषणाला आता छत्तीस वर्षे होऊन गेली. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, मिशनच्या शाळेत मराठी शिकवीत होतो, आणि आमच्या मंडळीच्या रविवारच्या शाळेचा नुकताच अधीक्षक झालो होतो. मार्थाबाई ओहोळ साठीच्या पुढे होत्या. मिशन हॉस्पिटलच्या रुग्णांसाठी पाव भाजण्यात त्यांचे आयुष्य गेले. पुढे हॉस्पिटलने बाहेरून पाव आणायला सुरुवात केली, बाई निवृत्त झाल्या, पण कंपाऊंडच्या कोपऱ्यातली ती विटांची भट्टी मात्र त्यांच्या ताब्यात राहिली. आठवड्यातून एकदा, शनिवारी, ती पेटे. सात ते नऊ वर्षांची सात मुले तेथे जमत आणि बाई त्यांना पीठ मळता मळता शास्त्र शिकवीत. नाताळात केक, कापणीच्या सणाला गोड भाकर, आणि ईस्टरला 'कबर'.

ही कबर म्हणजे एक वाटोळा बन. प्रत्येक मुलाने साखरेचा एक तुकडा घ्यायचा, तो येशू. तो लोण्यात बुडवायचा आणि दालचिनीच्या पुडीत घोळवायचा; ही प्रेताला लावायची सुगंधी द्रव्ये. मग तो पिठात गुंडाळून कडा घट्ट मिटायच्या, म्हणजे दारावर धोंड बसली. बन भट्टीत जाई. आत साखर विरघळून पिठात मुरे, मागे पोकळी राही, आणि बन फोडला की मुले ओरडत, "रिकामी! कबर रिकामी!"

कल्पना वाईट नव्हती, हे मी तेव्हाही मनातल्या मनात मान्य केले होते. माझा आक्षेप साखरेच्या त्या तुकड्याला होता. पाडवा होऊन पंधरा दिवस झाले होते. गुढीला बांधायच्या साखरगाठींच्या माळा बाजारात उरलेल्या असत, आणि बाई त्यांतली पदके सुटी करून ख्रिस्त म्हणून वापरीत.

"गाठ ही गुढीची आहे, बाई. ती दुसऱ्या धर्माच्या सणाची वस्तू आहे."

"दोरा काढून टाकते मी."

"दोरा काढल्याने वस्तूचे मूळ बदलत नाही."

"तुमचे आजोबा बाप्तिस्म्याआधी कोण होते, सर?"

मी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले. वादात ज्या प्रश्नाला उत्तर नसते त्याला मी विषयांतर म्हणतो. ही सवय माझी अजून गेलेली नाही.

खरे पाहता वाद गाठीपुरता नव्हता, आणि बाईंना ते ठाऊक होते. मी महिन्यापूर्वी पंचांकडे चार पानी अर्ज दिला होता. भट्टीवरचा वर्ग बंद करून ती सात मुले माझ्या वर्गात घ्यावीत, अशी त्यात विनंती होती. कारणे मी क्रमाने मांडली होती. बाई चौथी पास होत्या. पाठांतर घेत नसत. अरिमथाईकर योसेफाने येशूला आपली स्वतःची कबर दिली, हे सांगताना त्या म्हणत, "पैसेवाला, पण बरा माणूस. मेल्यावरची जागा जितेपणीच अडवून ठेवलेली, आपल्या उजागरे आबांसारखी." हे उजागरे आबा आमचे ज्येष्ठ पंच होते, आणि त्यांनी कबरस्तानात चिंचेखालची जागा खरोखरच अडवून ठेवली होती. हे वाक्य मी अर्जात अवतरणचिन्हांत दिले होते.

पंचांनी ठरवले की ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आपण स्वतः वर्ग पाहायचा. मुलांना सणाचा अर्थ कळला असेल तर वर्ग राहील. नसेल तर बंद. भट्टीची खोली हॉस्पिटलच्या मोडक्या खाटा ठेवायला जाईल.

"खोली गेली तर तुम्ही घरी आराम करू शकाल," मी समजुतीच्या सुरात म्हणालो.

"आराम करून काय करू? छताकडं बघू?" बाईंनी पीठ उलटे केले. "नवरा गेला, पोरगा तिकडं दूर. शनिवारी ही सात माकडं येतात म्हणून शुक्रवारी मी अंघोळ करते. बरं, गाठी नको तर काय घालू? तेवढं सांगा आणि जा."

मी पिशवीतून पुडा काढला. मी तयारीनिशी आलो होतो.

"खडीसाखर."

बाईंनी एक खडा उचलून उजेडात धरला. सुपारीएवढा होता, मी मुद्दाम मोठे निवडून आणले होते.

"ही तर देवळात प्रसादाला देतात, सर."

"प्रसादाला देतात, परंतु कोणत्याही विशिष्ट सणाला बांधलेली नाही. गाठ ही सणवाचक आहे, खडीसाखर सर्वसामान्य आहे. फरक सूक्ष्म आहे."

"हा विरघळायचा नाही."

"साखर ती साखर, बाई. गाठ विरघळते तर खडीसाखर का विरघळू नये?"

"गाठ पोकळ असते. हा दगड आहे."

"अधीक्षक या नात्याने मी हे लेखी देऊ का?"

बाईंनी खडा पुड्यात टाकला. हात पदराला पुसले. मग अगदी गरीब चेहरा करून म्हणाल्या, "द्या की. लेखी द्या."

मी दिले. तीन ओळी, तारीख, सही.

शनिवारी सकाळी दहाला पंच आले. पाळक हिवाळेसाहेब पुढे होते, सौम्य आणि थकलेले, कारण आदल्या दिवशी, उत्तम शुक्रवारी म्हणजे गुड फ्रायडेला, ते तीन तास उभे राहून बोलले होते. मागून काठी टेकत उजागरे आबा आले. त्यांना बसायला पिठाचे रिकामे पिंप उलटे करून दिले. मी वही घेऊन दारापाशी उभा राहिलो.

मुलांचे बन भट्टीत जाऊन पाच मिनिटे झाली होती. आबांनी तेवढ्या वेळात परीक्षा सुरू केली.

"येशूला वधस्तंभावर कितव्या ताशी खिळलं?"

सलोमी नावाची सात वर्षांची एक मुलगी होती, तिच्या दोन्ही वेण्यांना पीठ लागले होते. तिने विचार केला आणि म्हणाली, "उशिरा."

"पिलात कोण होता?"

"हात धुणारा," नहूम म्हणाला. हा आठ वर्षांचा होता आणि त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते. "बाईंनी सांगितलं, पीठ मळायच्या आधी हात धुवायचे, पण पिलातासारखे नाही. तो म्हणाला, येशू मेला तर माझा दोष नाही."

पाळकसाहेबांनी खोकल्याचे निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. मी वहीत लिहिले, 'उत्तरे असमाधानकारक.' आबांनी तिसरा प्रश्न टाकला.

"येशूला कबर कुणी दिली?"

या प्रश्नावर सातही हात एकदम वर गेले, आणि मला पुढचे दिसू लागले.

"अरिमथाईकर योसेफानं!" सलोमी ओरडली. "त्यानं जागा अडवून ठेवलेली होती, तुमच्यासारखी!"

आबांनी माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली, म्हणजे पाहा, अर्जात लिहिले होते ना.

मग बाईंनी लांब दांड्याच्या फळीने पत्रा बाहेर ओढला. बन छान फुगले होते, तांबूस, वरून लोण्याने चमकणारे. खोलीभर दालचिनीचा वास पसरला आणि क्षणभर आबांचाही चेहरा मऊ झाला. "मुलांनो, थांबा. मोठ्यांना आधी," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी स्वतःचा बन गार व्हायला हातात धरला. आबांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी एक फुंकर मारली आणि कडकडून चावा घेतला.

तो आवाज मला आजही ऐकू येतो. काडी मोडावी तसा, पण ओलसर.

आबांनी तोंडातून आधी बन काढला, मग कवळी काढली, मग कवळीचा समोरचा दात काढून तळहातावर ठेवला. बनाच्या मधोमध माझी खडीसाखर होती. तशीच्या तशी, उलट लोण्याने न्हाऊन अधिकच स्वच्छ झालेली.

मुलांनी तोवर आपापले बन फोडले होते. कुणी ओरडले नाही. सलोमीने आपल्या बनात बोट घातले, खडा दाबून पाहिला, आणि तोंड वेडेवाकडे करून म्हणाली,

"बाई, येशू आतच आहे."

"माझापण," नहूम म्हणाला. "हलतपण नाही."

सगळ्यांत धाकट्या मुलीने रडायला सुरुवात केली. कवळीवाचून आबा बोलले ते अर्धे कळले, पण अर्धेही पुरेसे होते. हा वर्ग म्हणजे पोरखेळ आहे, मुलांच्या मनात ख्रिस्त उठलाच नाही असे ठसले तर जबाबदार कोण, बंद करा ही भट्टी, आजच्या आज.

या वेळी मी बोलायला हवे होते. खडीसाखर कुणी आणली, हे त्या खोलीत दोनच माणसांना ठाऊक होते. माझी वही उघडी होती, पेन उघडे होते. मी वहीत पाहत राहिलो. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही, भट्टीतली आच पाहावी तितकाच. मग त्या रडणाऱ्या मुलीपुढे खाली बसल्या.

"आज वार कोणता गं?"

"शनिवार," मुलगी हुंदके देत म्हणाली.

"मग? आज तो कुठं असणार?"

मुलगी थांबली. सलोमीने उत्तर दिले, "आत."

"आतच असणार! शुक्रवारी ठेवला, आज शनिवार. आजच उठून पळाला असता तर उद्या आपण गाणी कशाची म्हणायची?"

"मग उद्या जाईल?" नहूमने खड्याकडे संशयाने पाहत विचारले.

"उद्या उपासना झाली की या. बघू."

"उद्या काय खडीसाखर चालत जाणार आहे?" आबा म्हणाले, म्हणजे तसे काहीसे म्हणाले.

पाळकसाहेबांनी आपला न फोडलेला बन हळूच पत्र्यावर परत ठेवला. "मार्थाबाईंचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, आबा. शनिवारी कबर रिकामी नव्हती. निर्णय उद्या सात वाजता."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी भट्टीच्या खोलीकडे निघालो. खिशात आईची लोकर विणायची सुई होती, आणि दुसऱ्या खिशात आदल्या संध्याकाळी बाईंसाठी बाजारातून आणलेली गाठींची एक माळ. योजना अशी, की बनांच्या बुडाला भोक पाडून खडे उकरून काढायचे. मुले येतील, बन फोडतील, कबर रिकामी निघेल. बाईंचा वर्ग वाचेल, आणि मला तोंड उघडावे लागणार नाही. येशूचे प्रेत शिष्यांनी चोरून नेले, अशी अफवा त्या काळी पहारेकऱ्यांनी उठवली होती. ती खरी करून दाखवायला मी सुई घेऊन चाललो होतो.

दार लोटलेलेच होते. आत भट्टी पेटलेली होती आणि पिंपावर बाई बसल्या होत्या.

"कोण? माळी का?"

"मी आहे, बाई."

पहिल्या ईस्टरच्या पहाटे कबरेपाशी मरीयेनेही येशूला माळीच समजले होते. मी ही गोष्ट बोलून दाखवली नाही, कारण बाईंची नजर माझ्या खिशातून डोकावणाऱ्या सुईवर होती.

"स्वेटर विणायला आलात?"

मी पत्र्याजवळ जाऊन उभा राहिलो. आठ बन कापडाखाली झाकलेले होते: सात मुलांचे फोडून पुन्हा मिटलेले, आणि पाळकसाहेबांचा अखंड.

"तुम्हाला ठाऊक होते," मी म्हणालो. "खडा विरघळणार नाही, हे पक्के ठाऊक होते."

"तुम्हाला सांगितलं होतं ना."

"मग घातला का?"

"तुम्ही लेखी दिलंत. आणि तुम्हाला ऐकायला यायचं म्हणजे कुणाचा तरी दात पडायला हवा होता." बाईंनी लाकूड आत सारले. "आबांचा पडेल असं नव्हतं वाटलं. मला वाटलं, तुमचा पडेल."

"पण वर्ग गेला असता, बाई! तुमचाच वर्ग!"

"जाईल अजून. सात वाजायचेत."

"मग तो माझा कागद दाखवा पंचांना. तीन ओळींत सगळे आहे."

"तो मी चुलीत घातला परवाच. सरपण ओलं होतं."

बाई उठल्या, माझ्या खिशातली सुई काढून घेतली आणि कमरेला खोचली.

"पोरांना खोटी रिकामी कबर दाखवायची नाही, सर. खरी दाखवायला जमली नाही तर भरलेली दाखवू आणि घरी जाऊ. मी काही कुणाची चुगली करणार नाही. तुमचं तुम्ही बघा. जा आता, उपासनेला उशीर होईल."

त्या दिवशीची गाणी मी कशी म्हटली ते मला आठवत नाही. खिशात माळ टोचत होती, एवढे आठवते.

सातला सगळे पुन्हा जमले. आबांनी तोंडाला रुमाल बांधला होता. त्यांनी काठीच्या टोकाने एक बन उघडला. खडा चकाकला.

"बाई," आबा समाधानाने म्हणाले, "उठला नाही."

"नाही उठला," बाई म्हणाल्या. "चूक झाली."

"कुणाची? तुमचीच ना? मग पाळकसाहेब, लिहून घ्या, वर्ग..."

"खडीसाखर मी दिली," मी म्हणालो.

आयुष्यात माझ्या हातून इतके आखूड वाक्य त्यापूर्वी झाले नव्हते. पुढचे वाक्य नेहमीसारखे लांब असणार होते. गाठ, तिचे सणवाचकत्व, अधीक्षकाचे अधिकार, सगळे मनात तयार होते. पण सलोमी माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"बाई गाठी घालत होत्या. तुम्ही नको म्हणालात?"

"हो."

"बाईंनी सांगितलं नाही का, हा विरघळत नाही?"

"सांगितले होते."

"मग काल का नाही बोललात? ती रडत होती."

मी दोन-तीन उत्तरे जुळवून पाहिली. एकही त्या मुलीपुढे उभे राहीना.

"भ्यालो," मी म्हणालो.

नहूम पुढे आला आणि माझ्याकडे अगदी आस्थेने पाहत म्हणाला, "येशूचा शिष्य पेत्रपण भ्याला होता, सर. शेकोटीजवळ. कोंबडा आरवायच्या आधी तीनदा म्हणाला, मी ओळखत नाही येशूला."

"आणि मग रडला," धाकटी मुलगी म्हणाली. तिचा या विषयात अधिकार होता.

"कोंबडा आरवला होता का, सर?" नहूमने विचारले.

"मी ऐकला नाही."

"म्हणजे तीन वेळा झालं नाही अजून," सलोमीने निवाडा दिला. "एकदाच झालं. एवढं काही नाही. येशूनं त्याला नंतर मासे भाजून खायला दिले होते, रागावला नाही."

हे सगळे त्यांना कुणी विचारले नव्हते. पाठांतरही नव्हते, कारण पेत्राच्या जागी मला बसवून ते कुणी घोकून घेतले असणे शक्य नव्हते. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"आबा, परीक्षा संपली का?"

"माझ्या दाताचं काय?"

"त्याचा वेगळा अर्ज द्या."

आबांनी काठी भिंतीला टेकवली आणि ते पिंपावर बसले. "ठेवा वर्ग," ते म्हणाले. "पण योसेफाची गोष्ट सांगताना माझं नाव घ्यायचं नाही."

"नाही घेणार," बाई म्हणाल्या. "आता जागा अडवल्याचं कोण सांगतंय? आता दाताची गोष्ट झाली."

पाळकसाहेबांनी मला विचारले, "सर, तुमच्या अर्जाचं काय करायचं?"

"मागे घेतो."

"लेखी?"

"नको," बाई मध्येच म्हणाल्या. "यांना म्हणावं, आता लेखी काही देऊ नका. हात धुवा, सर. पीठ तयार आहे."

मी माळ खिशातून काढून पत्र्यावर ठेवली. कुणी हसले नाही. मुलांनी फक्त त्यांतली मोठी पदके कुणाची यावर भांडण केले. मी बाह्या वर केल्या. माझ्या वाट्याला आलेला गोळा मी इतक्या हलक्या हाताने मळू लागलो की आबांनी "मेलाय का तो?" असे विचारले. गाठी लोण्यात बुडल्या, दालचिनीत लोळल्या, पिठात गेल्या. पत्रा आत गेला. पंधरा-वीस मिनिटे आबांनी काहीही विचारले नाही, आणि मुलांनी तेवढ्या वेळात त्यांच्याकडून कवळी कशी बसवतात याची सविस्तर माहिती काढून घेतली.

पत्रा बाहेर आला. बाईंनी सर्वांना थांबवले, बोटाने बन दाबून पाहिला आणि मान हलवली.

सहा आवाज एकदम उठले, "रिकामी!" भिंतींवरचा जुना पोपडा पडेल इतक्या मोठ्याने. पाळकसाहेबांनी आपला बन फोडला, आत फुंकर घातली आणि मुलांपेक्षा किंचित हळू तेच म्हटले. माझाही रिकामा होता. सलोमी मात्र आपल्या अर्ध्या बनात डोळे बारीक करून पाहत होती.

"बाई, माझ्यात थोडासा राहिलाय."

आबा पुढे वाकले. पाळकसाहेब पुढे वाकले. पोकळीच्या कोपऱ्यात गाठीचा एक पिवळसर, चिकट कण खरोखरच उरला होता. अंशतः झालेल्या पुनरुत्थानाविषयी काय भूमिका घ्यावी याचा मी विचार करू लागलो, आणि मला एक बऱ्यापैकी मुद्दा सुचलाही होता.

"मग खाऊन टाक," मार्थाबाई म्हणाल्या. "नाहीतर मुंग्या लागतील."